जुना कूलर काढताना करायचा हिशेब

मार्च संपत आला की मलकापूर, नांदुरा, खामगावच्या बाजारात कूलरच्या ताट्यांचे ढीग लागतात. हातगाडीवर गवताच्या ताट्या, शेजारी टोपलीत छोटे पंप, दुकानापुढे रंग देऊन चकचकीत केलेल्या पत्र्याच्या टाक्या. आणि त्याच आठवड्यात घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलगा म्हणतो, "अब्बा, टाकी पार सडली आहे. यंदा एसीच घेऊन टाकू." अब्बा वर्तमानपत्रातून मान न काढता विचारतात, "एसी तू घेशील बेटा, बिल कोण भरणार?" अम्मी म्हणतात, "नवीन काही आणू नका, याच कूलरला नवीन ताट्या लावा." तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असते आणि तिघांपैकी कोणीही पूर्ण हिशेब केलेला नसतो.

हा हिशेब आम्ही यंदा आमच्या घरासाठी केला, मग शेजारच्या दोन घरांसाठी केला, आणि शाळेत मोठ्या वर्गातल्या मुलांकडूनही करून घेतला. मुलांना सांगितले, घरचा कूलर दिवसाला किती बादल्या पाणी पितो ते मोजून आणा. आलेले आकडे पाहून मुलांपेक्षा त्यांच्या मातांनाच जास्त आश्चर्य वाटले, कारण त्या बादल्या भरणाऱ्या त्याच होत्या. मोजल्या मात्र कधी नव्हत्या.

आपल्या जिल्ह्याचे दोन उन्हाळे आहेत, हे बाहेरच्या माणसाला सांगावे लागते. घाटावरचा एक, घाटाखालचा एक. बुलढाणा, चिखली, मेहकर हा भाग अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, उंचावर. तिथे मे महिन्यातही पहाटे अंगावर चादर घ्यावीशी वाटते. घाट उतरून मोताळा, मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोदकडे आलो की भट्टीचे दार उघडल्यासारखे होते. पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि नवतपा सुरू झाला की रात्रीही भिंती गरम राहतात. म्हणून बुलढाण्यातल्या नातेवाइकाने "आमचे तर पंख्यावर भागते" असे सांगितले तर घाटाखालच्या माणसाने ते मनावर घेऊ नये. आणि मलकापूरच्या भावाने एसी घेतला म्हणून चिखलीच्या बहिणीनेही तो घ्यावा, असेही नाही.

काही वर्षांपूर्वी रमजान ऐन मे महिन्यात होता. २०१८ आणि २०१९ चे रोजे आठवतात ना? असर ते मगरिब या वेळेत कूलरसमोरची जागा मिळवण्यासाठी घरात गोड भांडणे होत. आता रमजान थंडीकडे सरकला आहे, पण २०२६ ची बकरी ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नेमकी नवतप्यात आहे. घरात पाहुणे, चूल दिवसभर पेटलेली आणि वर पत्रे. कूलरचा निर्णय त्याआधीच व्हायला हवा.

कूलर नेमके काय करतो

ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ गार का होतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. पाण्याची वाफ होताना ते आजूबाजूची उष्णता ओढून घेते. एक लीटर पाण्याची वाफ होते तेव्हा सुमारे पाऊण युनिट विजेइतकी उष्णता हवेतून काढली जाते. कूलरची मोटर फक्त हवा ओढण्याचे आणि पंप फक्त पाणी वर चढवण्याचे काम करतो. थंड करण्याचे खरे काम पाणी करते, आणि तेही फुकट. म्हणूनच पत्र्याचा मोठा कूलर १८० ते २०० वॉटमध्ये चालतो आणि दीड टनाच्या एसीला भर दुपारी दीड हजार वॉटच्या आसपास लागतात.

ही कल्पना काही नवी नाही. वाळ्याच्या ताट्या दारा-खिडक्यांना बांधून त्यांवर पाणी मारायचे, ही रीत आपल्या आजी-आजोबांनी पाहिली आहे. अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'त वाळ्याच्या खसखान्याचा उल्लेख आहे. तिथे भिस्ती पाणी मारत असत, आता ते काम अठरा वॉटचा पंप करतो. एवढाच फरक.

पण कूलरला दोन अटी आहेत. पहिली, हवा कोरडी हवी. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची हवा एवढी कोरडी असते की कूलर बाहेरची ४२ अंशांची हवा सहज २७-२८ अंशांवर आणून सोडतो. मुंबई-ठाण्याला हे जमत नाही, म्हणून तिकडून सुट्टीत येणारे पाहुणे आपल्या कूलरकडे आश्चर्याने पाहतात. मृगाचा पहिला पाऊस पडला की मात्र आपल्याकडेही कूलरचा जीव संपतो. जूनचे ते पंधरा-वीस दिवस चिकचिकीचे असतात आणि तेव्हाच माणसे चिडून एसीच्या दुकानात शिरतात. पंधरा दिवसांच्या त्रासावर दहा वर्षांचा खर्च ठरवू नये, असे आमचे मत.

दुसरी अट हवेला बाहेर जायला वाट हवी, ही आहे. आपल्या बऱ्याच घरांत इथेच घोटाळा होतो. पडद्यासाठी रस्त्याकडची खिडकी बंद, मागची खिडकी शेजाऱ्यांच्या अंगणात उघडते म्हणून तीही बंद, आणि खोलीत कूलर घों-घों करत असतो. ओली हवा आतच कोंडते, अंथरूण दमट होते, दादीचे गुडघे दुखतात आणि दोष कूलरला दिला जातो. यावर पडदा न उठवता उपाय आहे. जुन्या घरांत छताजवळ रोशनदान असायचे. ते नवीन बांधकामात आपणच बंद केले. कूलरच्या समोरच्या भिंतीत उंचावर एक जाळीची खिडकी काढली तर बाहेरच्या नजरेचा प्रश्न येत नाही आणि कोंडलेली हवा निघून जाते. गवंड्याची एका दिवसाची मजुरी आणि एक जाळी. कितीतरी घरांत नवीन कूलरची गरजच उरणार नाही.

पाण्याचे पैसे कोणी मोजत नाही

मुलांनी आणलेल्या आकड्यांकडे येतो. कोरड्या दुपारी मोठा कूलर ताशी दहा लीटरच्या आसपास पाणी पितो. दिवसाचे दहा तास धरले तर शंभर लीटर, म्हणजे मध्यम आकाराच्या सहा-सात बादल्या. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला पंधरवडा धरला तर सात-आठ हजार लीटर होते. जिथे नळ आठ-आठ दिवसांनी येतो तिथे हे पाणी कुठून येते? विंधनविहिरीतून, टँकरमधून, किंवा शेजारच्या विहिरीवरून डोक्यावर. वुजू करतानाही पाणी जपावे, असे आपण लेकरांना शिकवतो, आणि कूलरची टाकी भरताना पाइप लावून बाजारात निघून जातो. टाकी भरून अंगणभर वाहिलेले पाणी हा इस्राफ नाही तर काय? फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की आपोआप नळ बंद करणारी गोळी, शे-दीडशे रुपयांना मिळते.

पाणी कोणते, हाही मुद्दा आहे. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतल्या कितीतरी गावांत विंधनविहिरीचे पाणी खारट. ते प्यायल्याने मूत्रपिंडाचे आजार होतात, हे दुःख त्या भागातल्या घरांना सांगायला नको. तेच पाणी कूलरमध्ये टाकले की वाफ फक्त पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात. दुसऱ्या दिवशी आपण वरून आणखी खारट पाणी ओततो. आठवडाभरात टाकीतले पाणी पहिल्यापेक्षा कितीतरी खारट झालेले असते. मग ताट्यांवर पांढरा थर बसतो, भोके बुजतात, पंप जाम होतो आणि पत्र्याची टाकी तीन-चार वर्षांत खालून गळू लागते. घाटावर तोच कूलर आठ-दहा वर्षे चालतो. दुकानदार दोघांनाही एकच उत्तर देतो, "आता नवीन घ्या."

खारपाणपट्ट्यात कूलर घ्यायचाच असेल तर टाकी प्लास्टिकची किंवा फायबरची घ्यावी. ताट्या गवताच्याच बऱ्या. मधाच्या पोळ्यासारखे दिसणारे जाड कागदी पॅड गारवा चांगला देतात, चांगल्या पाण्यात दोन-तीन हंगाम टिकतात, पण त्यांचा संच हजार-दीड हजाराच्या घरात जातो आणि खाऱ्या पाण्यात तो एका उन्हाळ्यातच दगड होतो. गवताच्या ताट्या दरवर्षी बदलाव्या लागल्या तरी तिन्ही बाजूंच्या मिळून तीन-चारशे रुपयांत काम होते. आणि दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करायची. क्षारही जातात आणि डेंग्यूचा डासही. हा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि कूलरची टाकी त्याला फार आवडते. आरोग्य खात्याचे लोक कोरडा दिवस पाळा म्हणून सांगत फिरतात तेव्हा त्यांना दारातूनच परत पाठवू नये.

आता एसीचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पूर्वी ४० हजारांना मिळणारा एसी त्या हिशेबाने ३६ हजार ९०० च्या आसपास बसायला हवा. दुकानात हे विचारून घ्यावे, कारण कर कमी झाला तरी किंमत तीच सांगणारेही भेटतात. दीड टनाचा ३ स्टार इन्व्हर्टर एसी साधारण ३५ ते ४० हजारांत येतो. पण तो भिंतीवर चढून थंड हवा देईपर्यंत आणखी किती लागतात? बसवण्याचे दीड हजार. बाहेरचे युनिट गच्चीवर असेल तर जादा तांब्याची नळी, तिचा दर मीटरवर. बाहेरच्या युनिटसाठी लोखंडी स्टँड. व्होल्टेज वर-खाली होत असेल तर दोन-तीन हजारांचा स्टॅबिलायझर. आणि सर्वांत मोठी, कोणी न सांगणारी बाब म्हणजे वायरिंग. वीस वर्षांपूर्वीच्या घरात पंखे-ट्यूबलाइटसाठी टाकलेल्या बारीक वायरीवर एसी चालवणे म्हणजे आगीला दावत. मीटरपासून स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, पॉवर प्लग. गरज पडल्यास मंजूर भार वाढवून घेण्यासाठी महावितरणकडे अर्ज. ३७ हजारांचा एसी अशा तऱ्हेने ४६-४८ हजारांपर्यंत सहज पोचतो.

मग बिल. समजा घरात पंखे, फ्रिज, दिवे मिळून महिन्याला ९० युनिटे जळतात. कूलर दिवसाला बारा तास चालला तर महिन्याला ६५ युनिटे वाढतात. एसी रात्रीचे आठ तास चालला, तासाला सरासरी एक युनिटापेक्षा थोडी कमी वीज घेतली, तर २२५ युनिटे वाढतात. महावितरणच्या घरगुती दरात पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० त्याच्या जवळपास दुपटीने आणि ३०० च्या पुढे आणखी महाग. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून पहिल्या टप्प्यातले युनिट सात रुपयांच्या आसपास पडते, दुसऱ्या टप्प्यातले तेराच्या आसपास आणि तिसऱ्यातले सतराच्या. त्या हिशेबाने कूलरमुळे बिल महिन्याला सुमारे ८०० रुपयांनी वाढते, एसीमुळे सुमारे २,९०० रुपयांनी. तीन महिन्यांचा फरक सहा हजारांहून जास्त होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. "३०० युनिटांच्या वर गेलो की सगळेच बिल महाग दराने येते", असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. तसे नाही. पहिली १०० युनिटे सर्वांना पहिल्याच दराने लागतात, वरची तेवढी महाग. त्यामुळे ३०१ वे युनिट जळाले म्हणून रात्री दोन वाजता लेकरांचा पंखा बंद करण्याची गरज नाही.

स्टारचेही तसेच. ५ स्टार यंत्र ३ स्टारपेक्षा वीज कमी खाते हे खरे, पण लेबलवर छापलेला वर्षाच्या युनिटांचा आकडा वर्षाला १,६०० तास वापर धरून काढलेला असतो. आपला वापर तीन महिने, रोज आठ तास, म्हणजे जेमतेम सव्वासातशे तास. म्हणून लेबलवरच्या बचतीच्या निम्म्याहून कमी बचत आपल्या हाती लागते, आणि ५ स्टारसाठी दिलेले जास्तीचे सहा-सात हजार वसूल व्हायला चार वर्षे लागू शकतात. ज्या घरात आजारी माणूस आहे आणि एसी दिवसरात्र चालणार आहे, तिथे मात्र ५ स्टारच घ्यावा. लेबलवर त्याचा कालावधीही छापलेला असतो. स्टारचे निकष वेळोवेळी कडक होतात, तेव्हा जुन्या लेबलचा पाच स्टार आजचा पाच स्टार असेलच असे नाही.

ज्यांच्याकडे बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा एसी आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. मेकॅनिक दरवर्षी येऊन "गॅस संपला" म्हणत असेल तर त्याला विचारा, गळती कुठे आहे? एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो आहे. गळती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय जुन्या यंत्रांतला आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक म्हणून आंतरराष्ट्रीय करारानुसार हद्दपार होत आहे, भारतातही तो टप्प्याटप्प्याने बंद होतो आहे. त्यामुळे तो महागच होत जाणार. अशा यंत्राचा कॉम्प्रेसर गेला तर दुरुस्तीत पैसे घालू नयेत.

हप्ता आणि बीसी

"नो कॉस्ट ईएमआय" ही पाटी पाहून आपल्या घरांतले बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात: व्याज नाही, मग काय हरकत? हरकत शरीअतच्या दृष्टीने आहे की नाही, हे आलिमांना विचारावे, तो आमचा प्रांत नाही. पण गणित आमचा प्रांत आहे. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितले होते की शून्य टक्के व्याज असे काही खरोखर अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी लपलेले असते. रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला मिळत नाही, किंवा प्रोसेसिंग फी लागते, किंवा कार्डाच्या बिलात व्याजाची रक्कम आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा दिसतो. म्हणून दुकानदाराला दोनच प्रश्न विचारावेत: आज रोख दिले तर किती? आणि सगळे हप्ते, सगळी फी मिळून एकूण किती? दोन आकडे एकाच कागदावर लिहून घ्या.

त्यापेक्षा आपल्या मोहल्ल्यांतली बीसी बरी. बारा जणींनी महिन्याला हजार रुपये टाकले तर प्रत्येकीच्या वाट्याला एकदा बारा हजार येतात, कोणालाही एक पैसा व्याज न देता. कूलरसाठी नंबर फेब्रुवारीत मागून घ्यावा. तेव्हा दुकानात गर्दी नसते आणि भावही नरम असतो. बीसी चालवणारी बाई विश्वासाची हवी आणि हिशेबाची वही सर्वांना दिसायला हवी, एवढीच अट.

ज्याची किंमत पैशात होत नाही

दर उन्हाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत एक छोटी बातमी येते: कूलरचा शॉक लागून मृत्यू. कधी पाणी भरणारी गृहिणी, कधी खेळता खेळता कूलरला हात लागलेले लेकरू. पत्र्याचा सांगाडा, ओली फरशी, उघडे पाय आणि पाण्यात बुडालेला पंप. यापेक्षा धोक्याची मांडणी घरात दुसरी नसेल. तरीही तीन पिनांच्या प्लगची मधली जाड पिन तोडून तो दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसवलेला आम्ही किती घरांत पाहिला आहे! ती जाड पिनच जीव वाचवणारी असते. पत्र्यात वीज उतरली तर ती जमिनीत नेण्याचा रस्ता तोच.

म्हणून नवीन कूलर घेण्याआधी, अगदी जुना दुरुस्त करण्याआधीही, घराची अर्थिंग तपासून घ्यावी. ती नसेल तर दोन-तीन हजारांत नवी होते. मीटरजवळ आरसीसीबी नावाची कळ बसवावी, तिलाच बरेच जण ईएलसीबी म्हणतात. घरासाठी ३० मिलीअँपिअरची घ्यायची, दोन हजारांच्या आसपास येते. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागली तर ती क्षणाच्याही आत प्रवाह तोडते. वायरी वितळू नयेत म्हणून असलेला साधा एमसीबी हे काम करत नाही, दोन्हींत गल्लत करू नये. भाड्याच्या घरात घरमालक खर्च करायला तयार नसेल तर निम्मे आपण द्यावे, पण काम करून घ्यावे. आणि घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांनाही, एक सवय लावावी: टाकीत पाणी घालायचे किंवा ताटीला हात लावायचा तर आधी बटण बंद आणि प्लग बाहेर. नुसते बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत बटण कधी कधी न्यूट्रल वायरीवर लावलेले असते, मग बटण बंद असूनही कूलरमध्ये वीज राहते.

आधी छत

आपल्या जुन्या मातीच्या घरांना जाड भिंती आणि वर पांढऱ्या मातीचे धाबे असे. दुपारची उष्णता भिंत ओलांडून आत येईपर्यंत रात्र व्हायची. ती घरे पाडून आपण चार इंची भिंती आणि टिनाचे पत्रे आणले, आणि मग त्या पत्र्यांखालची भट्टी थंड करायला यंत्रे आणली. स्लॅबच्या घराचीही वरची खोली काही वेगळी नसते. अशा खोलीत दीड टनाचा एसीही दमतो.

अहमदाबादेत २०१० च्या उष्णतेच्या लाटेत फार माणसे दगावली. त्यानंतर तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्माघात टाळण्याचा आराखडा तयार केला, आणि पुढे तिथल्या वस्त्यांतली छते पांढरी करण्याची मोहीम चालली. तेलंगणाने तर २०२३ मध्ये थंड छतांचे धोरणच जाहीर केले. आपल्याला धोरणाची वाट पाहायची गरज नाही. कळीचा चुना भिजवून, गाळून, त्यात चिकटपणासाठी थोडा फेविकॉल घालून एप्रिलच्या सुरुवातीला स्लॅबवर दोन हात मारले की खोलीतली उष्णता दोन-चार अंशांनी उतरते. खर्च हजार-दीड हजार आणि दोन मुलांची एक सकाळ. पावसात चुना धुऊन जातो, दरवर्षी मारावा लागतो. पत्र्यांवर पांढरा परावर्तक रंग जास्त टिकतो, तो महाग आहे. पत्र्यावर पराट्या, तुराट्या टाकून सावली करण्याची आपल्याकडची रीत स्वस्त खरी, पण एक ठिणगी पुरते. चुलीचा धूर जिथे जवळून जातो तिथे ती नको.

ज्यांची स्वतःची मोकळी गच्ची आहे आणि बिल वर्षभर मोठे येते, त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेची चौकशी करावी. एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान मिळते. फक्त तीन महिन्यांच्या एसीसाठी मात्र हा खटाटोप परवडेलच असे नाही.

आता आमच्या घरचा निर्णय. अम्मीचे वय चौऱ्याहत्तर, रक्तदाबाची गोळी रोजची, आणि खोली वरची, थेट स्लॅबखाली. कूलर अकरा वर्षांचा. टाकी सडलेली, मोटर शाबूत. तीन ठिकाणी भाव काढले. नवा पत्र्याचा कूलर ७,५०० रुपये. एसी सगळे धरून ४७ हजार. जुन्याच कूलरला फायबरची टाकी, पंप, ताट्या आणि फ्लोट व्हॉल्व्ह मिळून २,६०० रुपये. आम्ही तिसरा मार्ग धरला. छतावर चुना मारला, अर्थिंग नवी केली, आरसीसीबी बसवली, समोरच्या भिंतीत जाळी काढली आणि अम्मीची झोपण्याची जागा खाली आणली. सर्व मिळून साडेदहा हजारांच्या आत बसले. डॉक्टरांनी कधी सांगितले की यांना स्थिर तापमानातच ठेवा, तर एसी घेऊ आणि बिलाची कुरकुर करणार नाही. म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी आणि बाळंतिणीसाठी केलेला खर्च इस्राफ नाही. पण दिवाणखान्यात, महिन्यातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी एसी, याचे समर्थन आम्हाला सापडले नाही.

हे सगळे कागदावर मांडताना घरातली एक खोली कोणाच्याच हिशेबात आली नव्हती. ती म्हणजे स्वयंपाकघर. मागच्या बाजूला, बहुधा पत्र्याचे, शेगडी पेटलेली, आणि आत उभ्या असलेल्या आपल्या बायका. कूलर तिथे लावता येत नाही, गॅसची ज्योत विझते. पंखाही लावता येत नाही. घरातले सर्वांत जास्त तापमान त्यांच्या वाट्याला, आणि कूलरसमोरची सतरंजी बाकी सर्वांच्या. बारा इंची एक्झॉस्ट पंखा दीड-दोन हजारांत येतो. शेगडीच्या वरच्या बाजूला भिंतीत उंचावर बसवला की गरम हवा आणि वाफ बाहेर जाते. ५० वॉटच्या आसपास वीज लागते, पाणी अजिबात नाही. तो आम्ही त्याच साडेदहा हजारांत बसवला. वरच्या पत्र्यालाही पांढरा हात दिला. आणि बकरी ईदच्या दिवसांत मोठ्या देगचीचा स्वयंपाक अंगणात, कडुलिंबाखाली करायचे ठरले आहे, पहाटे फजरनंतर लगेच सुरू करून ऊन चढायच्या आत देगची उतरवायची.

जुनी टाकी भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिली. कूलरच्या जुन्या मोटरमध्ये तांबे असते, ती पत्र्याच्या वजनात देऊ नका, वेगळी काढून तिचा भाव वेगळा करा.